चकमक उडते, बाचाबाची होते, भांडण लागतं: कुठल्या मारामारीला कुठलं क्रियापद?

केतकी_वि
जिल्हा पानासाठी तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या तपासणं हे माझं रोजचं काम. त्यांत छोटीमोठी भांडणं भरपूर असतात. शेताच्या बांधावरून, नळाच्या पाण्यावरून, मिरवणुकीत ढोल कुणाचा पुढे यावरून, गाडी दारात लावण्यावरून. भांडणं नवी नाहीत, पण गेल्या काही वर्षांत या बातम्यांतली क्रियापदं आटत चालली आहेत. सगळं एकतर 'घडतं' नाहीतर 'करण्यात येतं'. कालच्या एका बातमीत 'दोन गटांत किरकोळ चकमक घडली' होतं, दुसरीत 'बाचाबाची उडाली', आणि तिसरीत तर 'हाणामारी करण्यात आली'.

माझं म्हणणं असं की या प्रत्येक नामाचं स्वतःचं क्रियापद आहे आणि ते बदललं की वाक्य लंगडतं. चकमक उडते किंवा झडते. खटके उडतात. खडाजंगी उडते. बाचाबाची मात्र उडत नाही, ती होते. भांडण लागतं, जुंपतं, पेटतं. हुज्जत घालतात, कुरापत काढतात. 'होणे' बहुतेक ठिकाणी चालतं हे मला मान्य आहे, पण चालणं आणि शोभणं यांत फरक आहे.

प्रश्न असा: यामागे काही तर्क आहे, की सगळा कानाचाच हिशेब? नव्या वार्ताहरांना 'कानाला बरं वाटत नाही' एवढंच सांगून भागत नाही. ते विचारतात, का बरं वाटत नाही?

नांगरधारी
छान विषय. कुरापत काढतात तशी आमच्याकडे कळही काढतात. आणि दुसऱ्यांच्यात कळ लावून देतो तो कळलाव्या. काढणारा स्वतः भांडतो, लावणारा लांब उभा राहून बघतो. एका क्रियापदाने माणूस ओळखू येतो.

अनामिका७
वाचतेय. 'किरकोळ कारणावरून तुंबळ हाणामारी' हा मथळा महिन्यातून एकदा तरी दिसतो. कारण कायम किरकोळ आणि हाणामारी कायम तुंबळ!

जुना_टंकक
केतकीताई, चकमकीपुरता तर्क नक्की आहे. चकमक म्हणजे मुळात विस्तव पाडायचं साधन. तुर्की भाषेत लायटरला आजही 'चाकमाक' म्हणतात. आमच्या आजोबांच्या कनवटीला बटवा असे. त्यात वळणदार पोलादाचा तुकडा, एक गार आणि सावरीचा कापूस. डाव्या हाताच्या चिमटीत गार आणि तिच्या कडेला चिकटून कापूस धरायचा, उजव्या हाताने पोलाद वरून खाली झटक्यात ओढायचं. ठिणगी कापसात पडली की हलकेच फुंकर आणि मग चिलीम. याला म्हणत चकमक झाडणे. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'जरा चकमक झाड रे' हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

आता चकमक झाडली तर ती झडणारच, आणि झडली की ठिणग्या उडणारच. लढाईला तो शब्द लागला तेव्हा आपली क्रियापदं बरोबर घेऊन आला. म्हणून चकमक 'घडत' नाही. घडायला वेळ लागतो, आकार लागतो. मूर्ती घडते, माणूस घडतो. चकमकीत घडण्यासारखं काही नसतं, दोन कठीण वस्तू एकमेकांवर आपटतात आणि संपतं.

खटक्याचंही तसंच. खटका म्हणजे दाबून बसवलेली कळ, ती निसटली की उडते. म्हणून घरात खटके उडतात.

सह्यकडा
टंकककाका, फार सुंदर. एका मुद्द्यावर मात्र थोडा वेगळा विचार. चकमक क्षणभराची हे खरं, पण चकमकींची मालिका महिनोन्महिने चालते, आणि 'झडणे'ची खरी गंमत तिथे आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मोठी लढाई झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी दोन्ही छावण्या समोरासमोर ठाकून होत्या आणि आठवडेच्या आठवडे चकमकी झडत होत्या. डिसेंबर १७६० मधल्या अशाच एका चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. इथे 'चकमकी होत होत्या' लिहून बघा. अर्थ पोचतो, पण आज एक, उद्या एक, पावसाच्या सरी झडाव्यात तसा जो ताल 'झडत होत्या'मध्ये आहे तो जातो.

'पडले' हेही बघा. रणात वीर पडतो. 'मृत्यू पावले' लिहिलं की रणांगण नाहीसं होतं.

आणि मोठ्या लढाईची क्रियापदं वेगळीच. लढाईला तोंड लागतं, मग ती हातघाईवर येते, मग एक बाजू मोडते. हातघाई हा शब्द 'वर येणे' शिवाय क्वचितच दिसतो. 'हमरीतुमरी'चंही तेच, माणसं हमरीतुमरीवर येतात. 'त्यांच्यात हमरीतुमरी घडली' असं कुणी लिहिलंच तर केतकीताईंनी खुशाल लाल पेन चालवावं.

वऱ्हाडी_ठेचा
माझा आक्षेप क्रियापदावर नाही, नामावर आहे. आमच्या गडचिरोलीकडे चकमक म्हटलं की पोलिस आणि नक्षलवादी, जंगल आणि गोळीबार. दुसरा अर्थ डोक्यात येतच नाही. तिकडे मुंबईतही 'पोलिस चकमकीत ठार' म्हणजे एन्काऊंटर. मग पाण्याच्या टँकरवरून दोन गल्ल्यांतल्या लोकांनी एकमेकांना ढकललं त्याला चकमक का म्हणायचं? शस्त्र नसेल तर चकमक नको. 'शाब्दिक चकमक' ठीक आहे, तिथे शब्द हेच शस्त्र हे उघड आहे.

सह्यकडा
@वऱ्हाडी_ठेचा, याला एक चांगलं उदाहरण आहे. १५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. तिथे बंदुका चालल्या नव्हत्या. दगड, दांडके, खिळे ठोकलेल्या काठ्या आणि हात. मराठी बातम्यांत काही ठिकाणी 'चकमक' आलं, काही ठिकाणी 'झटापट'. मला झटापट जास्त नेमकं वाटलं, कारण झटापटीत अंगाला अंग भिडतं. पण वीस माणसं गेली त्याला झटापट म्हणायचं, तर तो शब्द फार हलका पडतो. इथे क्रियापदाने आधार द्यावा लागतो. 'रक्तरंजित झटापट झाली' यापेक्षा 'झटापटीत वीस जवानांना वीरमरण आलं' हे वाक्य तो भार पेलतं.

जाता जाता: हिंदीत त्याला 'झड़प' म्हटलं गेलं आणि तिथून ती थेट आपल्या पट्ट्यांवर उतरली. 'दोन सैन्यांत झडप'! मराठीत झडप मांजर घालतं, ससाणा घालतो. झडप एकच बाजू घालते, दुसरी बिचारी सापडते. दोन सैन्यांत झडप होऊ शकत नाही.

अनामिका७
+१ झडपेबद्दल. माझ्या मुलाने विचारलं होतं, सैनिकांनी कुणावर झडप घातली म्हणून.

कज्जेखोर
शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तालुका कोर्टात फौजदारी कामं बघतो.

एकच बाजू की दोन बाजू, हा या सगळ्या शब्दांचा कणा आहे. मारहाण आणि मारामारी घ्या. मारहाण करतात, आणि ती कुणाला तरी करतात. 'त्याने शेजाऱ्याला मारहाण केली.' मारणारा एक, खाणारा दुसरा. मारामारी होते. 'त्या दोघांत मारामारी झाली.' इथे दोघेही मारणारे. 'शेजाऱ्याला मारामारी केली' असं कुणी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. हाणामारी, गुद्दागुद्दी, झोंबाझोंबी, ढकलाढकली, बाचाबाची, हा सगळा गोतावळा दोन बाजूंचा. त्यांतल्या बहुतेकांत क्रिया दोनदा येते, कारण ती दोन्हीकडून होते. म्हणून या सगळ्यांना 'होणे' सरळ बसतं. शिवीगाळ मात्र मारहाणीच्या पंक्तीतली, ती केली जाते.

आता फिर्यादीची ठरलेली भाषा बघा. 'किरकोळ कारणावरून बाचाबाची झाली. त्याचा राग मनात धरून आरोपीने शिवीगाळ करत लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' ठाण्यात बसलेला हवालदार व्याकरण शिकलेला नसतो, पण बघा कसं अचूक लिहितो. बाचाबाची झाली, म्हणजे तिथवर दोघेही सामील. मारहाण केली, म्हणजे इथून पुढे एकटा आरोपी. सगळा खटला त्या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत उभा असतो. बचावाचा वकील काय म्हणतो? 'साहेब, मारहाण नाही, मारामारी झाली.' शब्द बदलला की माझा अशील एकटा दोषी राहत नाही.

म्हणून केतकीताई, 'हाणामारी करण्यात आली' हे नुसतं कानाला वाईट नाही, ते बातमी म्हणूनच चुकीचं आहे. कुणी कुणाला केली? वाचकाला वाटतं एका बाजूने केली, आणि नाव नसल्यामुळे ज्याचं नाव आधीच्या वाक्यात आलंय त्याच्यावर संशय जातो.

धक्काबुक्की हा अपवाद. ती दोघांत होतेही आणि एकाला केलीही जाते. 'कर्मचाऱ्याला धक्काबुक्की केली' रोज वाचतो आपण. रूपाने ती दुहेरी दिसते, पण तिच्यात धक्का आणि बुक्की अशा दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकच क्रिया उलटसुलट नाही. म्हणून तिला दोन्ही दारं उघडी असावीत असं मला वाटतं.

केतकी_वि
कज्जेखोर, हा प्रतिसाद मी छापून टेबलावर लावणार आहे. नव्या मुलांना 'का' हवं होतं, ते इथे आहे. मारहाण करतात, मारामारी होते, आणि त्या फरकावर माणसाची इज्जत अवलंबून असते.

रोखठोक
सगळ्यांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. भाषा लोक बोलतात ती. लोकांना 'घडली' जवळचं वाटत असेल तर घडू द्या. वीस वर्षांचा पोरगा तालुक्याहून फोनवर बातमी टाइप करतोय, रात्री अकराची वेळ गाठायचीय, त्याला चकमक झडली की उडली यात अडकवू नका. त्याने माहिती बरोबर दिली, नावं नीट लिहिली, तर मी त्याला शंभर मार्क देईन. अशा काटेकोरपणामुळे मुलं लिहायला घाबरतात. आम्ही शाळेत घाबरायचो.

मायभोर
रोखठोकदादा, भीतीबद्दल तुमचं खरं आहे. पण लोक बोलतात ती भाषा 'घडली' वाली नाहीच हो! चाळीत उभं राहून ऐका. 'वरच्या मजल्यावर जुंपलीय', 'काल दोघींचं चांगलंच वाजलं', 'दोघा भावांचं बिनसलंय', 'ती नुसती भांडायला उठते'. घडलं-बिडलं कुणी म्हणत नाही. ते कागदावर येतं, तोंडात येत नाही. त्या पोराला त्याच्या आईसारखं लिहू दिलं तरी काम होईल.

आणि 'जुंपली' मध्ये किती काय आहे! बैल जुवाला जुंपतात, तसे दोघे एकमेकांना जुंपले जातात. आता सुटका नाही, ओढा. त्यात नाम तर गायबच आहे. 'त्यांची जुंपली'. काय जुंपली? लढाई, झुंज, जे असेल ते. नुसती 'ची' आणि 'ली' ठेवून नाम आपण गिळून टाकलं, आणि तरी सगळ्यांना कळतं. 'वाजलं' आणि 'बिनसलं' तसेच.

गडहिंग्लजकर
मायभोरताई लाख बोललात. आमच्याकडं 'भांडान लागलंय तिकडं, चला' अशी हाक येते. लागणं हे आग लागल्यासारखं. कुणी लावली ते नंतर बघू, आधी पाणी आणा.

याच 'लागणे'ची दुसरी तऱ्हा तालमीत. कुस्ती लागते. 'आज खासबागेत कुणाची कुस्ती लागलीय?' पण तिथं लागणं म्हणजे ठरणं, जोड लागणं. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ पासूनचं, तिथली भाषा ऐकायला एकदा नक्की जावा. कुस्ती धरतात, खेळतात, मारतात. 'कुस्ती मारली' म्हणजे जिंकली. निकाल लागला नाही तर बरोबरीत सोडवतात. चितपट झाली तर निकाली. यातलं एक क्रियापद हलवलं तर वस्ताद लगेच ओळखतो की हा गडी मातीत उतरलेला नाही. 'कुस्ती घडली' म्हणालात तर हौद्याबाहेर काढतील.

मारामारी आणि कुस्ती यांत फरक एवढाच की कुस्ती सोडवतो तो पंच, आणि मारामारी सोडवायला जातो त्याला दोन्हीकडून पडते.

चर्नीरोड
मुंबईचा 'राडा' राहिला की! राडा होतो, राडा करतात, राडा घालतात. 'घालणे'मध्ये गोंधळ घालणे, धिंगाणा घालणे, हुज्जत घालणे सगळं एका माळेचं.

गडहिंग्लजकर
राडा तर आमच्याकडं आधी चिखलाचा असतो. पावसात वाटेचा राडा होतो, जनावरं फिरली की गोठ्यात राडा. पाय टाकला की सगळं बरबटणार. मुंबईचा राडा तोच, फक्त माणसांचा.

चर्नीरोड
हे माहीत नव्हतं. आता बातमीत 'राडा झाला' वाचलं की डोळ्यांसमोर चपला हरवलेली माणसं येणार.

इंदूरची_सून
आमच्या इंदूरच्या मराठीत 'झगडा होऊन गेला' म्हणतात, पुण्याच्या नणंदेला ते फार गमतीचं वाटतं. तिचं म्हणणं, 'होऊन गेला' म्हणजे थोर पुरुष होऊन गेला तसं वाटतं. पण मला आवडतं ते. झगडा आला, झाला, गेला. मनात काही उरलं नाही.

रोखठोक
मायभोरताई, तुमचा मुद्दा पटला. बोलीत आहे ते लिहू द्या, याला माझा पूर्ण पाठिंबा. मग माझी सूचना अशी की वार्ताहरांना यादी देऊ नका. त्यांना विचारा, 'तुझ्या गावात हे कसं सांगतील?' आणि ते वाक्य घ्या.

केतकी_वि
रोखठोक, हे करून बघते आहे. आज दुपारी 'किरकोळ चकमक घडली' वाल्या वार्ताहराला फोन केला. विचारलं, नेमकं काय झालं ते घरी सांगशील तसं सांग. तो म्हणाला, 'मॅडम, टँकर आला, बायकांत नंबरावरून बोलाबोली झाली, मग पुरुष मंडळी आली आणि ढकलाढकली सुरू झाली, सरपंचांनी मध्ये पडून सोडवलं.' मी तेच छापलं. 'टँकरवर नंबर लावण्यावरून महिलांत बाचाबाची झाली. त्यानंतर पुरुष मंडळी समोरासमोर आली आणि ढकलाढकली झाली. सरपंचांनी मध्ये पडून भांडण सोडवलं.' चकमक कुठेच नव्हती. वऱ्हाडी_ठेचा यांचं म्हणणं या बातमीपुरतं मान्य. नंबरावरून बोललेल्या बायका आणि नंतर आलेले पुरुष हा क्रम पहिल्या बातमीत पार पुसला गेला होता, आणि टँकर पुन्हा येणार असेल तर गावाला तो क्रमच महत्त्वाचा आहे.

मूळ प्रश्नावर मात्र अजून एक अडलंय. 'घडणे' या कुटुंबात कुठेच बसत नाही का? की मी त्याला उगाच हाकलते आहे?

पाटलीण
बसतं ना, शेवटाला बसतं. मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत काम केलंय. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव समित्या बसल्या. तिथे कागद लिहिताना हे सगळं हाताखालून गेलं. तंटा मिटतो, वाद मिटतो, भांडण मिटतं. मारामारी मिटत नाही, ती थांबते किंवा सोडवतात. चकमकही थांबते. का? कारण मिटायला मनात काहीतरी असावं लागतं. मारामारी हातांची असते, हात आवरले की थांबली. तिच्या मागचा तंटा तसाच राहतो आणि तो मिटवायला चार बैठका लागतात.

आणि समेट घडतो. घडवून आणावा लागतो. दोन भावांना एका सतरंजीवर बसवायचं, आधी बांधाचं बोलायचं नाही, आधी आईच्या औषधाचं बोलायचं, मोठ्याने आधी चहा घ्यायचा की धाकट्याने हे पाहायचं, मोजणीचा नकाशा तिसऱ्या बैठकीला काढायचा. टंकककाका वर म्हणाले ना, घडायला वेळ लागतो, आकार लागतो. तर ताई, 'घडणे' हाकलू नका, समेटाच्या बातमीसाठी राखून ठेवा.

जुना_टंकक
पाटलीणबाई, नमस्कार घ्या. अबोल्याचं पण सांगा. अबोला धरतात, आणि तो मिटतही नाही, थांबतही नाही.

पाटलीण
अबोला सुटतो, काका. पण समितीपुढे अबोला येत नाही. त्याची तक्रार कोण लिहून देणार?